मळ्याच्या वाटेवरची चिंच

आबा, आधी रेखावहिनींचं नाव घेतो, मग बाकीचं बोलतो. तुमच्या सुनेनं काल मांडवगणात बांधावर उभं राहून मला जे सांगितलं, ते सांगितलं नसतं तर मी आज हे लिहायला बसलोच नसतो. तुमच्यापुढं यायला तोंडच उरलं नसतं. आता बसलोय. शिरूरच्या तुमच्याच घरात, वरच्या खोलीत. खाली ओसरीवर तुमची खाट भिंतीला उभी लावून ठेवलीये, ती जिन्यातून दिसते. बघवत नाही. पण छातीवरचा दगड उतरलाय हेही खरं आहे, आणि तुमच्याशी मी खोटं बोलत नाही. बोललो ते एकदाच, तेही वहिनींच्या सांगण्यावरून. ते पुढं सांगतो.

तुम्ही दुपारी जेवलात, कुशीवर झोपलात आणि उठलाच नाहीत. मी पहिल्या पाळीला रांजणगावला होतो. लाइनवर मोबाइल चालत नाही, म्हणून वहिनींचा फोन लॉकरमध्येच वाजत राहिला. कंपनीच्या बसमधून उतरून गल्लीच्या तोंडाशी आलो आणि दारात चपला दिसल्या. आत बायका बसल्या होत्या आणि वहिनी रडता रडता प्रत्येकीला एकच सांगत होत्या, "सकाळी नावानं ओरडले हो मला. रेखा, पिठलं अळणी केलंस, म्हणाले. नावानं ओरडले." नव्या येणाऱ्या बाईला पुन्हा तेच. तुम्ही कसे गेलात यापेक्षा हेच त्यांना जास्त सांगायचं होतं. मला ते तेव्हाच कळलं. दौंडच्या डॉक्टरांनी त्यांना सांगून ठेवलं होतं की हे वाढत जाणार, एक दिवस घरची माणसंही ओळखू यायची नाहीत. तो दिवस यायच्या आधीच तुम्ही उठून गेलात. अळणी पिठल्याची तक्रार करून गेलात.

तुम्ही मला कधी गजानन म्हणाला नाहीत. भाड्यानं खोली बघायला आलो तेव्हा विचारलंत, "कुठला रं तू?" मी म्हटलं वाशीमचा. "लई लांब की. आन् शिक्षण?" आठवी नापास म्हटलं. "मग बरं हाय. मी चौथी. माझ्या वरचा निघालास." त्या दिवसापासून मी तुमचा वाशीम झालो. "ए वाशीम, नळ आला." "ए वाशीम, खाली ये, च्या प्यायला." पुढं तुमचं विसरणं सुरू झालं तेव्हा माझं नाव तुम्हाला आठवतं की नाही हे कुणालाच कळेना. आधीपासूनच घेत नव्हतात! वहिनी म्हणायच्या, "आबांनी सोय करून ठेवलीय."

विसरायची भीती खरं तर मलाच. कुलूप लावलं का हे बघायला मी निम्म्या रस्त्यातून परत आलोय. गॅस बंद केला का म्हणून दुसऱ्या पाळीतून वहिनींना फोन केलाय, आणि त्या वर जाऊन बघून "बंद हाय हो भाऊ, कालच्यासारखाच" म्हणाल्यात. शाळाही त्याच पायी सुटली. पेपर हातात आला की डोकं कोरं व्हायचं, घाम फुटायचा. आईला वाटायचं पोराला बाधा झाली. शेवटी मी जाणंच सोडलं आणि वाटलं, सुटलो. परीक्षा इतकी वर्षं थांबून रांजणगावला माझी वाट बघत बसलेली असेल हे कुठं ठाऊक होतं?

आमच्या कंपनीत पॅकिंगमधून असेंब्ली लाइनवर जायचं असेल तर आधी ट्रेनिंगच्या खोलीत पास व्हावं लागतं. त्या खोलीला डोजो म्हणतात. जपानी नाव आहे म्हणे. तिथं ट्रेमध्ये पार्ट मांडून ठेवतात. वॉशर, क्लिप, स्प्रिंग, फ्यूज, रबरी बूच, असलं बारीकसारीक. थोडा वेळ बघू देतात, मग वर कापड टाकतात. मग काय काय होतं ते सांगायचं, तेही मांडलेल्या क्रमानं. कॉलेजची पोरं हसत हसत पास होतात. मी पहिल्या वेळी कापड पडल्यावर नुसतं कापडाकडं बघत राहिलो. शेजारी उभा असलेला बिहारचा पोरगा म्हणाला, "टेन्शन मत ले भाई," त्यानं तर उरलंसुरलंही गेलं. ट्रेनर सर भले, पण त्यांनी सरळ सांगितलं की पॅकिंगमध्ये मशीन येणार आहे, तिथली माणसं कमी होणार. लाइनवर आलास तर राहशील. आणखी एकदा बसवतो.

मी घरी येऊन जिन्यात बसून वॉशर-क्लिप-स्प्रिंग असं पुटपुटत होतो. वहिनी वाळवण काढायला गच्चीवर निघाल्या होत्या, त्या थांबल्या. सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "भाऊ, माझं एक काम कराल? हे आबांबरोबर खेळा. डॉक्टरांनी सांगितलंय, त्यांचं डोकं चालतं ठेवा, आठवायचे खेळ खेळवा. माझ्या भावानं मोबाइलमध्ये गेम टाकून दिला, तर आबांनी मोबाइल पिठाच्या डब्यात कोंबला."

तो गेम मला ठाऊक होता. पालथ्या चित्रांच्या जोड्या लावायच्या. चुकलं की आतली बाई गोड आवाजात म्हणायची, पुन्हा प्रयत्न करा. तुम्ही चिडायचात, "ही कोण बया? रोज मला नापास करती. हिचा बाप मास्तर हाय का?"

"पण त्यांच्यासाठी खेळतोय असं कळू द्यायचं नाही," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या परीक्षेसाठीच सांगा. आणि भाऊ, काही झालं तरी 'विसरलात' हा शब्द नको. तो लागला की दोन दोन दिवस जेवत नाहीत."

हेच ते माझं खोटं, आबा. खोटं तरी कसं म्हणू? परीक्षा तर खरीच होती.

तुम्ही लगेच मास्तर झालात. दुसऱ्या दिवशी मी पाळीवरून आलो तर ओसरीवर पितळी ताट, त्यात अडकित्ता, चुन्याची डबी, लसणाचा गड्डा, सुईदोरा, रेडिओचा सेल, आणि वर तुमचं उपरणं. "बस. हात धुतले का? डोस्कंबी धुऊन ये." मी घाबरून दोनच वस्तू सांगितल्या. तुम्ही कपाळाला हात लावलात.

"आबा, मले नाही जमत."

"मले! मले म्हंजी काय रं? नीट बोल की."

"मला जमत नाही. डोक्यात राहतच नाही."

"डोस्क्यात ठिवतो कशाला मग? डोस्कं काय कोठी हाय? वाटंवर ठिव."

आणि मग तुम्ही ते सांगितलंत. तुमची आई तुम्हाला बाजाराला धाडायची, उंबऱ्यात उभी राहून सामान सांगायची, आणि तुम्ही चालता चालता एकेक चीज मनानंच मळ्याच्या वाटेवर ठेवून द्यायचात. मीठ गोठ्याच्या दाराशी. तेल हौदावर. मिरच्या दगडी बांधावर. बाजारात गेल्यावर डोळे मिटायचे आणि मनातल्या मनात घरापासून नदीपर्यंत परत चालत जायचं, वाटेत सगळं सामान जिथल्या तिथं. "तुझं ते वायसर का काय, ते ठिव गोठ्यात. बैल खाणार न्हाई." मी तुमचा मळा बघितला नव्हता, तरी तुम्ही मला तो असा चालवलात की पाय भरून यायचे. उंबरा, गोठा, हौद, दगडी बांध, विहीर, नदी. गोठ्यात एक बैल मारका आहे, तिथं काचेचं काही ठेवायचं नाही. विहिरीत काही टाकायचं नाही, काठावर ठेवायचं. मी विचारायचो, टाकलं तर काय होतंय आबा, मनातलीच तर विहीर. तुम्ही म्हणायचात, "काढणार कोण? तुझा बाप?"

लबाडीही तुम्हीच करायचात. उपरण्याखालून एक वस्तू काढून घ्यायची आणि कोणती गेली ते मी ओळखायचं, असा दुसरा खेळ तुम्ही काढलात. मी म्हटलं, अडकित्ता. "शाब्बास. बरोबर." मग सुपारी फोडायला अडकित्ता हवा होता, तर तो तुम्ही कुठं ठेवला होता ते तुम्हालाच सांगता येईना. खिसे बघितले, खाटेखाली बघितलं, गादी उलटली. मी तोंडातून शब्द बाहेर पडू नये म्हणून ओठ आवळून धरले होते. शेवटी वहिनींनी सहज तुमच्या डोक्यावरची टोपी उचलली. तुम्ही त्यांच्याकडं बघून म्हणालात, "तुझी परीक्षा घेत हुतो." आम्ही तिघं असे हसलो की शेजारच्या काकू काय झालं म्हणून बघायला आल्या.

तेव्हा मला वाटायचं, मी तुम्हाला खेळवतोय. तुम्हाला काय वाटायचं?

मग ती भांडणाची संध्याकाळ. माझी परीक्षा जवळ आली होती आणि माझी झोप उडाली होती. तुम्ही वाटेवरून विचारत होतात. हौदावर काय? चुन्याची डबी. बांधावर काय?

"थांबा आबा, आधी चिंच. चिंचेखाली अडकित्ता."

"कसली चिंच?"

"हौदाच्या पुढची."

"हौदाच्या पुढं बांध हाय."

"बांध मग येतो. आधी चिंच येते. मी रोज तिथं ठेवतो."

"माझ्या मळ्यात चिंच न्हाई."

मी हसलो. मला वाटलं चेष्टा आहे. पण तुम्ही खाटेवर ताठ बसला होतात. मी म्हटलं, तुम्हीच सांगितली असणार, नाहीतर मला कुठून कळणार, मी तर मांडवगण बघितलंही नाही. तुमचा आवाज चढला. "अरं, माझा बाप त्या मळ्यात राबला, मी राबलो. आन् तू वाशीमवरनं येऊन मला माझ्याच मळ्यातली झाडं दाखवतो व्हय?" मला तुमचा राग दिसत नव्हता, आबा. मला फक्त दिसत होतं की चिंच गेली तर तिच्याखालची वस्तू गेली, तिच्या पुढचा क्रम गेला, कापड पडेल आणि मी पुन्हा कापडाकडं बघत राहीन. आणि मनात आलं, डॉक्टर म्हणाले तेच हे. सुरू झालं.

"तुम्ही विसरलात आबा," मी म्हणालो.

वहिनी आत भाकरी थापत होत्या, तो आवाज थांबला. तुम्ही उपरणं उचललंत, झटकलंत, खांद्यावर टाकलंत आणि भिंतीकडं तोंड करून पडलात. मी ताट तसंच सोडून वर आलो. दुसऱ्या दिवशी पाळीवर तीनदा चुकीच्या खोक्याला लेबल लावलं. भीत भीतच घरी आलो.

तर तुम्ही ओसरीवर तयार. ताट मांडलेलं. "वाशीम, ये. आसंल बाबा चिंच. म्हातारं झालं डोस्कं. हाय तिथं चिंच. हौदाच्या म्होरं. तिच्याखाली अडकित्ता. म्हण." मी म्हटलं. त्या दिवसानंतर तुम्हीच प्रत्येक डावात आठवण करायचात, "चिंच इसरू नगंस." आणि मला किती बरं वाटलं होतं! आबांना आठवलं, वाटलं. खेळाचा गुण आला, वाटलं. वहिनींना तसं सांगितलंही. त्यांनी पदर तोंडाला लावला, मला वाटलं डोळे भरून आले असतील.

डोजोत कापड पडलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले. सर म्हणाले, अरे झोपतोयस काय. मी उंबऱ्यातून निघालो. गोठा, वॉशर. हौद, फ्यूज. चिंच, स्प्रिंग. बांध, क्लिप. विहिरीच्या काठावर रबरी बूच. नदीपर्यंत गेलो आणि डोळे उघडले. सगळं सांगून झालं होतं. सरांनी खांद्यावर थाप मारली.

मी पेढे घेऊन आलो. तुम्ही एक खाल्लात आणि गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारलीत. "पेढा घ्या. माझा इद्यार्थी पास झाला. कंपनीत." थोड्या वेळानं मला विचारलंत, पेढे कशाचे रं? मी पुन्हा सांगितलं. तुम्हाला पुन्हा तेवढाच आनंद झाला. मी मनात म्हटलं, पुन्हा पुन्हा विचारा आबा. रोज विचारा.

पण फार दिवस विचारलं नाहीत.

काल तुमचा दहावा. नदीवरचं सगळं आटोपल्यावर दादांनी, म्हणजे तुमच्या मुलानं, जेवायला मळ्यात चला म्हटलं. साखर कारखान्याचा हंगाम चालू, पाटसहून सुटी काढून आले होते, बोलायचीही ताकद नव्हती त्यांच्यात. मी पहिल्यांदा तुमच्या मळ्यात पाय ठेवला. आणि आबा, मला काहीच विचारावं लागलं नाही. जुन्या घराचा उंबरा. गोठा, आता रिकामा. हौद. मी हौदाला वळसा घालून पुढं गेलो आणि समोर दगडी बांध.

परत मागं आलो. पुन्हा हौद, पुन्हा बांध. मधे दहा पावलंही नाहीत. झाड जाऊ द्या, खुंटसुद्धा नाही. शेजारच्या वावरातले एक म्हातारे मामा बांधावर बसले होते. त्यांना विचारलं, हितली चिंच कधी तोडली?

"चिंच? हितं? कवाच नव्हती. पार नदीपतोर चिंच न्हाई ह्या अंगाला. का रं?"

का ते मला उभ्या उभ्या कळलं. आमच्या घरातून निघालं की हापसा लागतो, आणि हापशाच्या पुढं चिंच. लहानपणी शाळा चुकवून मी तिच्याच खाली बसायचो. तुमच्या वाटेवर पाणी आलं की माझे पाय आपोआप आमच्या गावात जात होते. पाण्याच्या पुढं चिंच. तुमच्या मळ्यात मी माझं झाड लावलं होतं, आणि वर तुम्हालाच विसरलात म्हणालो होतो. तुम्हाला तुमचा मळा लख्ख आठवत होता. तुमच्याजवळ जे पक्कं होतं तेच मी हलवलं. 'आसंल बाबा' म्हणालात तेव्हा तुम्ही खरंच मानलं असेल का, की आता आपला मळाही आपल्याला आठवत नाही? हेच मनात घेऊन कुशीवर झोपलात का? मी बांधावर खालीच बसलो.

वहिनी ताटं मांडायला चला म्हणून बोलवायला आल्या होत्या. माझं तोंड बघून म्हणाल्या, "ऊन लागलं का भाऊ?"

मी म्हटलं, "वहिनी, चिंच नाही इथं."

"न्हाईच की."

"तुम्हाले माहीत होतं?"

"मी ह्या मळ्यात खुरपलंय भाऊ, मला ठाऊक नसंल?" मग त्यांच्या लक्षात आलं. त्या माझ्याजवळ आल्या. "अहो, मला वाटलं परीक्षेनंतर आबांनी तुम्हाला सांगितलं असंल. तुम्ही भांडून वर गेलात, मग सकाळी पाळीला गेलात, तवा आबांनी मला बोलवलं. म्हणाले, रेखा, आपल्या मळ्यात चिंच हाय का गं? मी म्हणाले, न्हाई आबा, कवाच नव्हती. तर म्हणाले, मलाबी वाटलंच. ती त्या पोराची हाय, त्याच्या गावाकडची आसंल. मग म्हणाले, राहू दे. आत्ता उपटली तर तिच्यासंगं बाकीचंबी पडंल. परीक्षा होऊ दे त्याची. आन् हसले, भाऊ, किती हसले! पदर लावून लावून दमले मी. तुमच्या मागं आम्ही तुम्हाला चिंचवालेच म्हणायचो."

आबा, मी काल तुमच्या बांधावर बसून मोठ्यानं रडलो आणि मोठ्यानं हसलो, दोन्ही एकदमच. म्हातारे मामा उठून गेले. तुमच्या दहाव्याला हसलो म्हणून लोक नावं ठेवतील, ठेवू देत. तुमचा मळा शेवटपर्यंत तुमच्याकडं होता. तुम्ही एक झाड जास्तीचं सांभाळलंत, तेही दुसऱ्याचं, आणि ते दुसऱ्याचं आहे हे लक्षात ठेवून सांभाळलंत.

एक मात्र राहिलं. खेळ खरा कुणासाठी होता हे तुम्हाला ठाऊक होतं का? वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "त्यांनी कधी विचारलं न्हाई, मी कधी सांगितलं न्हाई." मग मीही विचारत नाही. राहू दे.

मी गावी गेलो नाही याला बरेच दिवस झाले. आईला सांगून आलो होतो की नोकरी पक्की करूनच येईन, आणि ती होत नव्हती म्हणून जात नव्हतो. तुमच्या वाटेवरून रोज नकळत जात होतो, ते वेगळं. आता खराच जाईन. वहिनींनी माझ्याकडं अनामत मागितली नाही, भाडं वाढवलं नाही, माझा गॅस बघायला रोज जिना चढल्या, आणि काल एका वाक्यानं मला तुमच्याकडं परत आणून सोडलं. विचारलं तर म्हणतील, त्यात काय केलं मी. तुमच्या दुखण्यामागं त्यांना दौंडला माहेरीही मुक्काम करता आला नव्हता, सकाळी जायच्या आणि दिवस मावळायच्या आत हजर.

तेव्हा आबा, तुमच्यासमोर सांगतो. कधी ते आज नाही सांगता येत, पण एक दिवस मी वहिनींना आमच्या गावी नेईन. चांगल्या चार दिवसांसाठी. आई रांधेल, मी वाढीन, त्यांनी ताटावरून हातसुद्धा धुवायला उठायचं नाही. हापशाच्या पुढं सावलीत खाट टाकीन, त्यांना बसवीन आणि म्हणेन, वर बघा वहिनी, आबांनी उपटली नाही ती हीच.